सही कोणाची, जबाबदारी कोणाची? तंजावूरच्या धन्वंतरी महालापासून आजच्या औषध कारखान्यापर्यंत

औषध उत्पादनातील दर्जाविषयीच्या सुधारित ‘शेड्यूल एम’ची पूर्तता करण्यासाठी लहान व मध्यम उद्योगांना मिळालेली वाढीव मुदत 31 डिसेंबर 2025 रोजी संपली. 28 डिसेंबर 2023 च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने हे नियम बदलले. वार्षिक उलाढाल अडीचशे कोटी रुपयांहून अधिक असलेल्या कंपन्यांना सहा महिन्यांचा आणि त्याहून लहान उद्योगांना बारा महिन्यांचा अवधी देण्यात आला होता. कारखान्यात सुधारणा करण्याचा आराखडा सादर करणाऱ्या लहान उद्योगांना पुढे 2025 अखेरपर्यंत सवलत मिळाली.

ही सवलत चालू असतानाच, सप्टेंबर आणि ऑक्टोबर 2025 मध्ये, मध्य प्रदेशातील छिंदवाडा जिल्ह्यात खोकल्याचे औषध घेतलेली लहान मुले मूत्रपिंडे निकामी होऊन दगावू लागली. परासिया भागातील अनेक मुलांना उपचारांसाठी नागपूरच्या रुग्णालयांत आणण्यात आले. मृतांची संख्या वीसच्या पुढे गेली. ‘कोल्ड्रिफ’ हे औषध तमिळनाडूतील कांचीपुरम जिल्ह्यात, सुंगुवारछत्रम् येथील श्रीसन फार्मास्युटिकल्सच्या कारखान्यात तयार झाले होते. तमिळनाडूच्या औषध प्रशासनाने तपासलेल्या एसआर-13 या बॅचमध्ये डायएथिलीन ग्लायकॉल या विषारी द्रव्याचे प्रमाण 48.6 टक्के आढळले. अशा द्रव्याची सर्वमान्य मर्यादा 0.1 टक्का आहे.

त्यानंतर घटनाक्रम वेगाने पुढे सरकला. कारखान्याच्या तपासणीत साडेतीनशेहून अधिक त्रुटी नोंदविल्या गेल्या, मालकाला 9 ऑक्टोबर रोजी अटक झाली आणि 13 ऑक्टोबर रोजी परवाना रद्द करण्यात आला. तमिळनाडूतील औषध निरीक्षकांवर निलंबनाची कारवाई झाली. कारखान्यातील एका रसायन विश्लेषक कर्मचाऱ्यालाही तपास पथकाने ताब्यात घेतले. मालक, निरीक्षक आणि औषध लिहून देणारा डॉक्टर यांच्याविषयी बरीच चर्चा झाली. कारखान्याच्या आत पिंपातील द्रव मोजून टाकीत ओतणाऱ्या, तापमान पाहणाऱ्या आणि त्याखाली सही करणाऱ्या उत्पादन तंत्रज्ञाविषयी मात्र क्वचितच कोणी बोलले. नव्या नियमांचा सर्वाधिक भार याच माणसावर येणार आहे.

तंजावूरचा दाखला

सुंगुवारछत्रम् या नावातील ‘छत्रम्’ म्हणजे वाटसरूंसाठी बांधलेली धर्मशाळा. तमिळ प्रदेशात अशी छत्रे जागोजागी होती. येथून तीनशे किलोमीटरच्या आत असलेल्या तंजावूरच्या भोसले राजांनी बांधलेल्या छत्रांची कीर्ती तर विशेष होती. सरफोजीराजे दुसरे यांनी 1801 साली ब्रिटिश रेसिडेंटला पाठविलेल्या पत्रात या छत्रांतील व्यवस्थेचे वर्णन केले आहे. आजारी वाटसरूंसाठी तेथे वैद्य असत आणि औषधेही दिली जात. औषध पुरविणे ही राज्याची जबाबदारी आहे, असा विचार त्यामागे होता.

सरफोजीराजांची कारकीर्द 1798 ते 1832 अशी. 1799 च्या तहाने राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीकडे गेला आणि राजांचा अधिकार किल्ला व त्याच्या परिसरापुरता उरला. तलवारीला काम न उरलेल्या या मराठी राजाने आपले लक्ष ग्रंथ, संगीत, छापखाना आणि वैद्यक यांकडे वळविले. त्यांनी स्थापन केलेल्या धन्वंतरी महालात माणसांसाठी आणि जनावरांसाठी औषधे तयार होत. देशी वैद्य आणि युरोपीय पद्धतीचे जाणकार तेथे एकत्र काम करीत, औषधांचा उपयोग करून पाहत आणि परिणामांची नोंद ठेवीत. ही माहिती पुढे तमिळ पद्यात संकलित झाली. ‘शरभेंद्र वैद्य मुरैगळ’ या नावाने तिचे खंड तंजावूरच्या सरस्वती महाल ग्रंथालयाने प्रसिद्ध केले आहेत. डोळ्यांच्या रुग्णांच्या चित्रांसह ठेवलेल्या नोंदीही याच ग्रंथालयात आहेत.

धन्वंतरी महालाला आजच्या अर्थाने कारखाना म्हणता येणार नाही. तेथे परवाना नव्हता, निरीक्षक नव्हता आणि राजाची आवड हाच मुख्य नियम होता. राजाश्रय आटला तसे ते कामही थांबले. तरीही एक गोष्ट आजच्या प्रश्नाशी थेट जोडलेली आहे. औषध दिले की काम संपले, असे तेथे मानले जात नव्हते. काय दिले, कोणाला दिले आणि काय झाले, हे लिहून ठेवले जात होते. दोनशे वर्षांनंतर औषध उद्योगाच्या जागतिक नियमांचे सारे शास्त्र याच सवयीभोवती फिरते. जे लिहिलेले नाही ते झालेलेच नाही, हे वाक्य औषध कारखान्यात नव्याने लागलेल्या मुलाला पहिल्याच आठवड्यात ऐकविले जाते.

आज तंजावूरमध्ये औषध उद्योगाचे मोठे केंद्र नाही. कावेरीच्या त्रिभुज प्रदेशातील हा भाताचा जिल्हा आहे आणि 2020 च्या राज्य कायद्याने तो संरक्षित कृषी विभागात समाविष्ट झाला आहे. तेल व वायू उत्खनन, धातू गाळण्याचे कारखाने यांसारख्या उद्योगांना तेथे नव्याने प्रवेश नाही. परिणामी या भागातील विज्ञान शाखेचे पदवीधर आणि पदविकाधारक नोकरीसाठी चेन्नई परिसर, होसूर, पुदुच्चेरी किंवा हैदराबादची वाट धरतात. मराठवाड्यातील किंवा कोकणातील मुलगा वाळूज, कुरकुंभ, तारापूर, महाड, लोटे-परशुराम किंवा गोव्यातील वेर्णे येथे जातो, तसेच हे. भाषा वेगळी असली तरी काम एकच आहे आणि नियमांचे पुस्तकही एकच आहे.

पाळीच्या आत

हे काम बाहेरून साधे दिसते. बी.एस्सी., बी.फार्म., औषधनिर्माणशास्त्राची पदविका किंवा आयटीआयचा अटेंडंट ऑपरेटर केमिकल प्लांट हा अभ्यासक्रम पूर्ण केलेला तरुण ऑपरेटर किंवा प्रशिक्षणार्थी म्हणून लागतो. पाळी सुरू होण्यापूर्वी त्याला कपडे बदलावे लागतात. बाहेरचे कपडे व चपला एका बाजूला ठेवायच्या, बाकावरून पाय पलीकडे टाकून स्वच्छ बाजूला जायचे, टोपी, मुखपट्टी, हातमोजे आणि गाऊन चढवायचा. अंगठी, घड्याळ, गंध, पावडर यांपैकी काहीही चालत नाही. सर्दी-खोकला किंवा हाताला जखम असल्यास ते सांगणे बंधनकारक असते. हजेरी बुडाली तर पैसे कापले जाणाऱ्या माणसाने स्वतःच्या आजाराची वर्दी स्वतःच द्यावी, अशी ही अपेक्षा आहे.

आत गेल्यावर पहिले काम लाइन क्लिअरन्सचे. आधीच्या बॅचची एकही गोळी, एकही लेबल, एकही चिठ्ठी खोलीत राहिलेली नाही, याची खात्री उत्पादन विभाग करतो आणि दर्जा आश्वासन विभाग ती पुन्हा तपासतो. यंत्रावर ‘स्वच्छ’ किंवा ‘स्वच्छ करावयाचे’ अशी पाटी असते. खोलीचे तापमान, आर्द्रता आणि शेजारच्या मार्गिकेशी असलेला हवेच्या दाबातील फरक वहीत लिहिला जातो. या दाबाच्या फरकामुळे एका खोलीतील औषधाची धूळ दुसऱ्या खोलीत जात नाही. मापक बिघडला असेल तर आकडा लिहायचा नसतो, तर बिघाड कळवायचा असतो. अनेक ठिकाणी पहिली चूक येथेच घडते. कालचा आकडा आजच्या रकान्यात उतरतो.

यानंतर कच्चा माल येतो. गोदामातील प्रत्येक पिंपावर रंगीत चिठ्ठी असते. पिवळी म्हणजे तपासणी बाकी, हिरवी म्हणजे मंजूर, लाल म्हणजे नाकारलेला. डिस्पेन्सिंगच्या कक्षात दोन माणसांच्या उपस्थितीत वजन होते. एक वजन करतो, दुसरा तपासतो, दोघेही सही करतात. बॅचचे नाव, कच्च्या मालाचा विश्लेषण क्रमांक, वजन, वेळ आणि यंत्राचा क्रमांक बॅच मॅन्युफॅक्चरिंग रेकॉर्डमध्ये त्याच क्षणी लिहावा लागतो. नोंद शाईने करायची. चूक झाली तर तिच्यावर एकच आडवी रेघ ओढायची, म्हणजे आधीचा आकडा वाचता येईल. शेजारी बरोबर आकडा, कारण, सही आणि तारीख. खाडाखोड, पांढरी शाई, हातावर किंवा चिठ्ठीवर लिहून नंतर उतरविणे, दुसऱ्याच्या नावाने सही करणे, या सर्व गोष्टींना सक्त मनाई आहे.

गोळ्यांच्या विभागात दर ठरावीक वेळाने गोळ्यांचे वजन, कठीणपणा, ठिसूळपणा आणि पाण्यात विरघळून सुटी होण्याचा वेळ तपासला जातो. द्रव औषधाच्या विभागात ढवळण्याचा वेग, मिसळण्याचा वेळ, आम्लता आणि गाळणी यांवर लक्ष ठेवावे लागते. बाटलीत भरलेले पातळ औषध दिसायला एकसारखेच असते आणि धोका नेमका येथे आहे.

खोकल्याच्या औषधात प्रोपिलीन ग्लायकॉल किंवा ग्लिसरीन हे द्रावक म्हणून वापरले जाते. औषधी प्रतीचे प्रोपिलीन ग्लायकॉल आणि रंग, गोठणरोधक द्रव इत्यादींसाठी वापरले जाणारे औद्योगिक रसायन यांत डोळ्यांना फरक दिसत नाही. दोन्ही रंगहीन, किंचित दाट, चवीला गोडसर. डायएथिलीन ग्लायकॉल मिसळलेले पिंप ओळखण्याचे काम तंत्रज्ञाच्या नजरेचे नाही, प्रयोगशाळेतील चाचणीचे आहे. तंत्रज्ञाच्या हातात एकच कसोटी उरते. पिंपावर हिरवी चिठ्ठी आहे की नाही, आणि तिच्यावरील क्रमांक कागदावरील क्रमांकाशी जुळतो की नाही.

ही कसोटी कागदावर सोपी वाटते. रात्रपाळीत टाकी रिकामी आहे, उद्या गाडी जायची आहे, पिंपावरची चिठ्ठी अजून पिवळी आहे आणि पाळीप्रमुख सांगतो, ‘रिपोर्ट सकाळी येतोय, तू घे सुरुवात करून.’ नियमाप्रमाणे उत्तर एकच आहे. परंतु ठेकेदाराच्या हजेरीपटावर असलेल्या आणि सहा महिन्यांनी पुन्हा घेतले जाईल की नाही याची खात्री नसलेल्या मुलाकडून हे उत्तर मिळण्याची शक्यता किती, हा प्रश्न शेड्यूल एमच्या कोणत्याही रकान्यात बसत नाही.

जुनी चूक, नवी बॅच

या विषाची कहाणी नवी नाही. 1937 साली अमेरिकेत सल्फानिलामाइडच्या द्रव औषधात हेच रसायन वापरले गेले आणि शंभराहून अधिक माणसे दगावली. त्यातून अमेरिकेचा 1938 चा औषध कायदा आला. भारतात 1972 साली मद्रासमध्ये लहान मुलांचे बळी गेले. 1986 च्या आरंभी मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात ग्लिसरीन दिलेले चौदा रुग्ण दगावले. न्यायमूर्ती बख्तावर लेंटिन यांच्या आयोगाने त्याची चौकशी केली आणि रुग्णालयातील खरेदीपासून अन्न व औषध प्रशासन व मंत्रालयापर्यंतच्या साखळीवर कठोर ताशेरे ओढले. महाराष्ट्राच्या प्रशासकीय इतिहासात इतका परखड अहवाल विरळाच. त्यानंतर 1998 मध्ये दिल्लीजवळ गुडगाव परिसरात, 2019-20 च्या हिवाळ्यात जम्मूतील रामनगर येथे आणि 2022 मध्ये गांबिया व उझबेकिस्तानमध्ये भारतीय बनावटीच्या औषधांच्या संदर्भात मुलांच्या मृत्यूची प्रकरणे पुढे आली.

प्रत्येक वेळी नियम अधिक कडक झाले. जे. जे. प्रकरणानंतरच्या काळात, 1988 मध्ये, उत्तम उत्पादन पद्धतीचे नियम शेड्यूल एममध्ये आले. डिसेंबर 2001 मध्ये ते बदलले गेले आणि लहान उद्योगांना तेव्हाही सवलतीची मुदत मिळाली होती. 2023 चा बदल हा त्यानंतरचा सर्वांत मोठा. औषधी दर्जा प्रणाली, जोखीम व्यवस्थापन, उत्पादनाच्या दर्जाचा वार्षिक आढावा, यंत्रांची व प्रक्रियांची प्रमाणबद्धता, पुरवठादाराची तपासणी, बदलांवर नियंत्रण आणि संगणकीय नोंदींची विश्वासार्हता या गोष्टी त्यात आल्या. छिंदवाड्यानंतर, 7 ऑक्टोबर 2025 रोजी, भारताच्या औषध महानियंत्रकांनी राज्यांना पत्र पाठवून कच्च्या मालाची व तयार औषधाची प्रत्येक बॅच तपासली जाईल याची खात्री करण्यास सांगितले. ही अट जुन्या नियमांतही होती, हे येथे नमूद करावे लागेल.

केंद्र सरकारने 2023 मध्ये दिलेल्या माहितीनुसार देशात सुमारे साडेदहा हजार औषध उत्पादन केंद्रे असून त्यांपैकी साडेआठ हजारांच्या आसपास सूक्ष्म, लघु व मध्यम गटातील आहेत. जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषांनुसार प्रमाणपत्र असलेली केंद्रे त्यांत सुमारे दोन हजार. म्हणजे एकाच देशात दोन प्रकारचे कारखाने शेजारी शेजारी चालतात. अमेरिकेला माल पाठविणाऱ्या कारखान्यात परदेशी निरीक्षक येऊन कचऱ्याची पिशवीही उघडून पाहतो. नोव्हेंबर 2022 मध्ये अहमदाबादजवळच्या एका मोठ्या कारखान्यात अमेरिकी निरीक्षकांना फाडलेल्या नोंदींच्या पिशव्या सापडल्या. त्यानंतर तेथील उत्पादन थांबले आणि 2023 मध्ये अमेरिकेत कर्करोगावरील सिसप्लॅटिनचा तुटवडा निर्माण झाला. मोठा कारखाना, कडक नियम, तरीही कागद फाडण्याची वेळ का आली, हे त्या प्रकरणात पुरेसे विचारले गेले नाही. आकडा वाईट आला तर तो लिहिणाऱ्यालाच जाब विचारला जातो, असे वातावरण असेल तर कागद फाडले जातात.

देशांतर्गत बाजारासाठी औषध बनविणाऱ्या लहान कारखान्यात वेगळी अडचण असते. तेथे फाडण्यासाठीही कागद नसतो. बॅचची नोंद आठवड्याच्या शेवटी एकाच पेनाने, एकाच हस्ताक्षरात, एका बैठकीत लिहिली जाते.

देशी औषधांनाही हा प्रश्न चुकलेला नाही. आयुर्वेद, सिद्ध व युनानी औषधांच्या उत्पादनासाठी 2000 साली ‘शेड्यूल टी’ लागू झाले. धन्वंतरी महालात खलबत्त्याशी बसणारा माणूस आज असता तर त्यालाही वनस्पतीची ओळख, मूळ माल आल्याची तारीख, भट्टीचे तापमान आणि तयार औषधाची बॅच लिहावी लागली असती. सरफोजीराजांचे वैद्य रुग्णाविषयी लिहीत. आजचा नियम औषध घडविणाऱ्या हाताविषयीही लिहायला सांगतो.

सही करणाऱ्याचे स्थान

कायद्याच्या दृष्टीने जबाबदारीची रचना पाहण्यासारखी आहे. 1945 च्या औषध नियमांनुसार उत्पादन हे पात्र तांत्रिक व्यक्तीच्या प्रत्यक्ष देखरेखीखाली चालले पाहिजे. औषधनिर्माणशास्त्राची पदवी आणि अठरा महिन्यांचा प्रत्यक्ष अनुभव ही त्यासाठीची एक पात्रता आहे. हे नाव परवान्याशी जोडले जाते. भेसळयुक्त किंवा बनावट औषधामुळे मृत्यू ओढवल्यास 1940 च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या कलम 27 नुसार किमान दहा वर्षांपासून जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते. कंपनीच्या गुन्ह्यात कामकाजाचा प्रभार ज्याच्याकडे होता तो आणि कंपनी, असे दोघेही दोषी धरले जातात. लहान कारखान्यात मालक बहुधा पडद्यामागे आणि परवान्यावरील पदवीधर पुढे असतो. काही ठिकाणी त्या पदवीधराचे प्रमाणपत्रच कारखान्यात असते, माणूस नसतो, ही तक्रारही जुनीच.

उत्पादन तंत्रज्ञाचे स्थान या रचनेत विचित्र आहे. त्याची सही प्रत्येक पानावर असते, पण उत्पादन थांबविण्याचा अधिकार बहुधा तोंडी असतो. दर्जा आश्वासन विभाग उत्पादनापासून स्वतंत्र असावा, असे नियम सांगतो. मोठ्या कारखान्यात तसे असतेही. दहा-पंधरा माणसांच्या कारखान्यात मात्र वजन करणारा, तपासणारा आणि मंजुरी देणारा हे एकाच टेबलाभोवती बसलेले असतात आणि संध्याकाळी एकाच मालकाकडून पगार घेतात.

चुकीविषयी बाहेर सांगू पाहणाऱ्याला संरक्षण किती? 2014 चा जागल्या संरक्षण कायदा मुख्यतः सरकारी सेवकांच्या गैरव्यवहाराविषयी असून तो अंमलातच आलेला नाही. 2013 च्या कंपनी कायद्यातील दक्षता यंत्रणा शेअर बाजारात नोंदलेल्या आणि काही ठरावीक कंपन्यांपुरती आहे. बनावट औषधांची माहिती देणाऱ्याला बक्षीस देण्याची आरोग्य मंत्रालयाची योजना 2009 पासून आहे. पकडलेल्या मालाच्या किमतीच्या वीस टक्क्यांपर्यंत, कमाल पंचवीस लाख रुपये असे तिचे स्वरूप. पण ती बनावट मालाच्या जप्तीभोवती रचलेली आहे. पिवळ्या चिठ्ठीचे पिंप वापरले गेले, एवढे सांगणाऱ्याला तिचा उपयोग नाही. त्या पिंपात विष निघाले नाही तर पुरावाही नाही, आणि निघाले तर सांगायला उशीर झालेला असतो.

21 नोव्हेंबर 2025 पासून लागू झालेल्या चार श्रमसंहितांमध्ये काही उपयुक्त तरतुदी आहेत. प्रत्येक कामगाराला नियुक्तिपत्र देणे बंधनकारक झाले आहे. व्यावसायिक सुरक्षा संहितेने मुख्य स्वरूपाच्या कामात कंत्राटी कामगार नेमण्यास मनाई केली आहे, मात्र जे काम नेहमीच ठेकेदारामार्फत होत आले आहे त्यासाठी अपवाद ठेवला आहे. औषध कारखान्यात टाकीत माल सोडणे हे मुख्य काम आहे, याविषयी कोणाचेही दुमत होऊ नये. तरीही साफसफाई, मालाची ने-आण आणि पॅकिंग यांच्या नावाखाली घेतलेला माणूस सोमवारी डिस्पेन्सिंगमध्ये आणि मंगळवारी ब्लिस्टर यंत्रावर दिसतो. त्याचे प्रशिक्षणाचे कागद भरलेले असतात. प्रशिक्षण कोणत्या भाषेत झाले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो.

भाषेचा मुद्दा किरकोळ नाही. कामाच्या कार्यपद्धती बहुतेक ठिकाणी इंग्रजीत असतात. होसूरच्या किंवा वाळूजच्या कारखान्यात ओडिशातून, बिहारमधून आलेला ऑपरेटर ‘वाचले व समजले’ या ओळीखाली सही करतो. काही चांगल्या कारखान्यांनी मराठीत, तमिळमध्ये, हिंदीत चित्रांसह कार्यपद्धती भिंतीवर लावल्या आहेत. खर्च थोडा, उपयोग मोठा. तंजावूरच्या दरबारात एकाच वेळी मराठी, तमिळ, तेलुगू, संस्कृत आणि इंग्रजीत कामकाज चाले आणि औषधांचे ज्ञान स्थानिक लोकांना कळावे म्हणून तमिळ पद्यात आणले गेले, ही गोष्ट येथे आठवल्याशिवाय राहत नाही.

उद्योगाची बाजूही ऐकली पाहिजे. लहान उत्पादकांच्या संघटना सांगतात की नवी हवा-प्रणाली, पाण्याची यंत्रणा, प्रयोगशाळेतील उपकरणे यांचा खर्च कोट्यवधींचा आहे आणि सरकारी खरेदीत सर्वांत कमी दराची निविदा घेणारा ग्राहक दर्जाचे पैसे देत नाही. या म्हणण्यात तथ्य आहे. एका बाटलीमागे काही पैशांचा फरक पडला तरी निविदा हातची जाते, मग द्रावक कोठून आणायचे याचा निर्णय दलालाच्या भावावर ठरतो. मात्र चिठ्ठी पिवळी असताना पिंप न उघडण्यासाठी नवी हवा-प्रणाली लागत नाही. बॅचची नोंद त्याच क्षणी लिहिण्यासाठीही लागत नाही. त्यासाठी थांबण्याची परवानगी असलेला माणूस लागतो.

डिसेंबर 2022 पासून केंद्रीय औषध मानक नियंत्रण संघटना राज्यांसह जोखमीच्या निकषावर कारखान्यांची तपासणी करीत आहे. अनुभवी तपासनीस भिंती आणि यंत्रे पाहण्यापूर्वी एक वही मागतो. नियमापासून झालेल्या विचलनाची, म्हणजे डिव्हिएशनची वही. काम करणाऱ्या कारखान्यात चुका होतातच. वजनकाटा बिघडतो, वीज जाते, ढवळण्याचा वेळ दहा मिनिटांनी वाढतो. ज्या वहीत वर्षभर एकही नोंद नाही, तेथे तो अधिक वेळ थांबतो, पाळीवरील सर्वांत नव्या ऑपरेटरला बोलावतो आणि गेल्या वेळी यंत्र बंद पडले तेव्हा ते कोणाला सांगितले, असे विचारतो. ऑपरेटर उत्तर देण्यापूर्वी पाळीप्रमुखाकडे पाहतो का, याचीही नोंद घेतली जाते.